फळीवर उभं राहण्याचा पहिला धडा

"सर, पायाकडे बघू नका. लांब बघा. पायाकडे बघितलं की माणूस पडतो."

हे मला तिसऱ्यांदा सांगण्यात आलं तेव्हा मी पायाकडे बघत नव्हतो. मी पाण्यात होतो, आणि माझे पाय नेमके कुठे आहेत याची मलाच चौकशी करायची होती.

दिगंबर खोबरेकरने माझ्या लाइफ जॅकेटचा मागचा पट्टा धरला आणि मला बोर्डावर ओढून घेतलं. जाळ्यात आलेला मोठा मासा होडीत घेतात तसं. फरक इतकाच की माशाला कोणी "लागलं नाही ना, सर?" असं विचारत नाही.

"नाही," मी म्हणालो. नाकातून खारं पाणी येत होतं.

"पहिल्या दिवशी सगळेच पडतात."

"तुझे बाकीचे विद्यार्थी किती वेळा पडतात?"

त्याने क्षणभर विचार केला. मुलगा खोटं बोलणारा नव्हता, ही त्याची अडचण मला तेव्हाच लक्षात आली होती. "एकदा. फार तर दोनदा," तो म्हणाला. "पण तुमचा प्रयत्न चांगला आहे."

ही बारा वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होतो, पुण्याच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होतो, आणि मालवणच्या वरच्या अंगाला आडबाग नावाच्या गावात, खाडीच्या मधोमध, फुगवलेल्या रबरी फळीवर गुडघे टेकून बसलो होतो. कारण माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं.

म्हणजे ती ठरवत होती. ऋजुता तेव्हा सत्तावीस वर्षांची, आर्किटेक्ट. त्याच्या दोन वर्षं आधी मैत्रिणींबरोबर चार दिवस सुट्टीला म्हणून आडबागला आली, या बोर्डावर उभं राहायला शिकली आणि त्यानंतर आठ वेळा आली. चार दिवसांत शिकता येणारी गोष्ट शिकायला माणूस आठ वेळा का जातो, हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. आम्ही हवापालट म्हणून सोडून दिलं. मग एका रविवारी तिने सांगितलं. माझ्या थोरल्या भावाने फोनवर विचारलं, "मुलगा काय करतो?" मी म्हणालो, "पाण्यावर उभं राहायला शिकवतो." मग दादा म्हणाला, "आणि पावसाळ्यात?"

मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायला जायचं अशी आमच्यात रीत आहे. घर बघायचं म्हणजे घर सोडून बाकी सगळं बघायचं. त्यासाठी मी, शुभदा आणि ऋजुता आदल्या दिवशी इथे पोचलो होतो. घाट उतरताना शुभदा मागच्या सीटवर झोपली होती, तेव्हा ऋजुता गाडी चालवता चालवता हळूच म्हणाली, "बाबा, आईचं मी बघते. त्याचे वडील नाहीत, सगळं त्याच्या आईवर आहे, आणि ती तुझ्याशी बोलून ठरवणार आहे. तू फक्त हो म्हण. बाकी भाषण करू नकोस."

"आई गुणांचं धरून बसली आहे," मी म्हणालो.

"आईला अकरा गुणांचं वाईट वाटणारच. पण तू मानत नाहीस ना, मग झालं. मी तुझ्या जिवावर चाललेय."

मी पत्रिका मानत नाही हे पुण्यातल्या निदान चाळीस गृहरचना संस्थांना माहीत होतं. 'मंगळाला मुली कशा कळतात?' हे माझं व्याख्यान गणेशोत्सवात आरतीनंतर आणि प्रसादाच्या आधी ठेवायची पद्धत होती, म्हणजे लोक उठून जात नसत. शुभदा मात्र मानत होती. एका घरात दोन्ही मतं गुण्यागोविंदाने नांदत होती. दिगंबरची जन्मवेळ मिळाल्यावर पत्रिका दाखवायलासुद्धा मीच गेलो होतो, कारण जोशीबुवा तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि शुभदाचे गुडघे दुखतात. छत्तीसपैकी अकरा हा निरोप मीच आणला होता. शुभदा दोन दिवस जेवली नाही.

तर असे आम्ही आडबागला आलो. दिगंबरच्या आईने, सुलोचनाबाईंनी, संध्याकाळी चहा दिला, सोबत नारळाच्या रसात बुडवलेल्या खापरोळ्या दिल्या आणि माझ्याकडे फार बघितलं. लग्नाचं काहीच बोलल्या नाहीत; बाकी मालवणीत जे बोलल्या त्यावर मी हसून मान हलवली. सकाळी ऋजुताच म्हणाली, "बाबा, पाण्यात चल ना. त्यांना बरं वाटेल." हो म्हणण्याचा हा पहिला हप्ता असावा असं समजून मी जॅकेट घातलं.

किनाऱ्यावरचा धडा मला उत्तम जमला होता. वाळूवर ठेवलेल्या बोर्डावर मी तीन वेळा उठलो, तीन वेळा बसलो. मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना पाय, गुडघे सैल, नजर समोर. माणूस उभा राहिला की त्याचा गुरुत्वमध्य वर जातो आणि म्हणून तोल सांभाळणं अवघड होतं, हे मी दिगंबरला आकृती काढून समजावून सांगितलं. त्याने वाळूतली आकृती शेवटपर्यंत बघितली.

"बरोबर आहे, सर," तो म्हणाला. "आता गुडघे वाकवा."

शुभदासाठी त्याने मोठ्या बोर्डावर खुर्ची बांधून दिली होती. गुडघ्यांचं कारण सांगून ती वाळूवर बसेल अशी माझी अटकळ होती. ती त्या खुर्चीत बसली, पदर खोचला, वल्हं हातात घेतलं आणि माझ्या पुढे निघून गेली. ऋजुता तिच्याभोवती उभ्याने फेऱ्या घालत होती. दोघी हसत होत्या. अकरा गुणांनंतर शुभदा प्रथमच हसत होती, आणि ते दृश्य मला का कोण जाणे अडचणीचं वाटलं.

खाडीच्या मध्यावर, बरीच लांब, सुलोचनाबाई पाण्यात उभ्या होत्या. डोक्याला टॉवेल, साडी वर खोचलेली, कमरेला जाळीची पिशवी. ओहोटी लागली की गावातल्या बायका तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला उतरतात. पायाच्या बोटांनी वाळू चाचपायची, शिंपला लागला की बुडी मारून उचलायचा. त्या दिवशी त्या एकट्याच होत्या. तिथूनच त्यांनी हाक दिली.

"दिगू, बाईंका घेवन तू बेटाकडे जा. सरांका मी बगतंय."

"आये, ते अजून उभे रवले नाय."

"मी बगतंय म्हटलंय मा."

दिगंबरने माझ्याकडे बघितलं. "आई आहे इथे," तो म्हणाला. "घाबरू नका. फक्त मारत राहा, तोंड किनाऱ्याकडे ठेवा." आणि तो शुभदाच्या बोर्डाला दोर लावून निघाला. ऋजुता माझ्या बाजूने जाताना अंगठा वर करून गेली. बोलणं होणार आहे, एवढा त्याचा अर्थ होता.

आता इथे एक शास्त्रीय चूक झाली. या खेळातल्या वल्ह्याचं पातं दांड्याच्या रेषेत नसतं, ते थोडं पुढे झुकलेलं असतं. मला ते बघताक्षणी उलटं वाटलं. पाणी मागे ढकलायचं तर पातं मागे झुकलेलं हवं, चमच्यासारखं. दिगंबर असेपर्यंत मी भिडेखातर गप्प बसलो होतो. तो गेल्यावर मी वल्हं फिरवून घेतलं. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवल्यावर माणूस एवढं तरी करणारच.

मग मी मारत राहिलो. उजवीकडे चार, डावीकडे चार. दर खेपेला पातं थोडं पाणी वर उचलून घेई आणि बोर्डाचं नाक खाली दबे. पाचेक मिनिटांनी मान वर केली तेव्हा किनाऱ्यावरची माडांची रांग लहान झाली होती. मी जोर वाढवला. माड आणखी लहान झाले. ओहोटी खाडीचं सगळं पाणी समुद्राकडे नेत होती आणि मी त्या पाण्यावर गुडघे टेकून, चुकीच्या वल्ह्याने, तिला मदत करत होतो. मागे वळून बघितलं तर खाडीचं तोंड दिसत होतं. तिथे लाटा फुटत होत्या, पांढऱ्या, एकीमागे एक, अगदी शिस्तीत.

पर्यटकांची एक मोटारबोट बाजूने गेली. बोटीतल्या लोकांनी हात हलवले. मी हात हलवला तेव्हा त्या हातात वल्हं होतं. नंतर नव्हतं. बोटीची लाट आली आणि मी बोर्डावर पालथा पडलो, दोन्ही कडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, गाल रबराला लावून. डोळे मिटले. हाका माराव्यात की नाही याचा मी विचार केला. हाक मारायची तर नेमकं काय म्हणायचं, हे ठरेना. 'वाचवा' हा शब्द मी आयुष्यात कधी मोठ्याने उच्चारला नव्हता. 'अहो' म्हणून बघितलं. ते मलाच नीट ऐकू आलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. वीस मिनिटं असतील. बोर्ड एकदम थांबला.

"सर," आवाज आला. "उठून बसा. पाणी कमरेइतकं आहे."

मी एक डोळा उघडला. सुलोचनाबाई शेजारी उभ्या होत्या. खरंच कमरेइतक्या पाण्यात. बोर्डाच्या नाकाला बांधलेला दोर त्यांच्या हातात होता आणि बगलेत माझं वल्हं होतं.

"ही मधली वाळू," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूला खोल आहे, पण इथे ओहोटीला पोरं क्रिकेट खेळतात. आणखी तासाभराने."

मी उठून बसलो. बसण्याइतकी प्रतिष्ठा शिल्लक होती असं गृहीत धरलं.

"हे उलटं धरलं होतंत," त्यांनी वल्हं माझ्या मांडीवर ठेवलं.

"मला वाटलं..."

"वाटतंच." त्यांनी कमरेची पिशवी सारखी केली. "तुमच्याशी मी शाळेतलं बोलते. मालवणी बोलले तर तुम्ही नुसते हसाल आणि मान हलवाल. कालपासून तेच करताय."

ते खरं होतं.

"पत्रिका बघितलीत?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं होतं आधी हवापाण्याचं निघेल. आमच्याकडे अशा विषयाला येईपर्यंत निदान दोन चहा होतात. पण उत्तर तयार होतं. पुण्याहून निघतानाच तयार होतं.

"माझा त्यावर विश्वास नाही हो," मी म्हणालो. "पण हिचा आहे. अकराच गुण आले. तिला फार लागलंय ते. मला काही अडचण नाही, पण घरातल्या बाईचं मन मोडून..." इथे मी हात पसरायचं ठरवलं होतं, पण बोर्ड हलला आणि मी परत कडा धरल्या.

सुलोचनाबाईंनी मान हलवली. त्यांना काही धक्का बसलेला दिसला नाही. त्यांनी पाय हलवला, खाली वाकल्या, एक तिसरी वर काढून पिशवीत टाकली.

"आमचा पण कौल डावाच पडला," त्या म्हणाल्या.

कौलाचं ऋजुताने मला सांगितलं होतं. होडी पाण्यात घालायची, विहीर खणायची, सोयरीक करायची, कशालाही आधी देवीला विचारायचं. गुरव देवीच्या पाषाणावर फुलाच्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दिगंबर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला मुलगा; पण पहिले चार बोर्ड घेतले तेव्हा त्यानेसुद्धा कौल लावला होता आणि उजवा पडेपर्यंत दोन महिने थांबला होता. हे ती मला कौतुकाने सांगत होती. मी त्यावर एक छोटं भाषण केलं होतं.

"डावा," मी म्हणालो.

"डावा."

सुटलो, हे पहिलं मनात आलं. काही न करता, काही न बोलता, गाडीत पेट्रोल घालून परत जायचं. नकार आमच्याकडून गेलाच नाही. इतकं सोपं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

दुसरं मनात आलं ते यायला थोडा वेळ लागला. या बाईने आम्हाला नकार दिला होता. पुण्यातलं घर, एकुलती एक मुलगी, आर्किटेक्ट, आणि कमरेला शिंपल्यांची पिशवी बांधलेली बाई मला नाही म्हणत होती. आणि ती ते ज्या आवाजात म्हणत होती तो आवाज माझ्या ओळखीचा होता. जरा खालच्या पट्टीतला, वाईट वाटल्यासारखा, समोरच्याच्या नजरेला नजर न देणारा. दोन मिनिटांपूर्वी मी तोच लावला होता.

"कौल खरंच डावा पडला?" मी विचारलं.

त्यांनी वर बघितलं. "गुण खरंच अकरा आले?"

पाणी आमच्या दोघांच्या मधून चाललं होतं. लांब बेटाच्या बाजूला ऋजुताचा हसण्याचा आवाज आला. पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो; त्याचं कारण मी मुलांना दरवर्षी शिकवत असे.

"एकतीस," मी म्हणालो.

मी हे वाक्य तोवर शुभदाला सांगितलेलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा पूर्ण म्हटलेलं नव्हतं. जोशीबुवांनी चष्मा काढून मला सांगितलं होतं, लेले, अशी पत्रिका वर्षातून एकदा येते. मी तो कागद जिन्यातच फाडला होता.

"उजवा," त्या म्हणाल्या. "दोन वेळा लावला. दोन्ही वेळा उजवा. गुरव हसायला लागला."

"मग?"

"मग काय. गुरव गावनात्याने माझा दीर लागतो. त्याला म्हटलं गप्प बस." त्यांनी टॉवेल सोडून परत बांधला. "देवीचं मी बघून घेईन. ती माझ्या ओळखीची आहे."

"पण का?"

"तुम्ही का, ते आधी सांगा. आम्ही मासे मारणारे म्हणून?"

"छे, छे. मी जातपात मानत नाही."

"ते दिसलं. काल चहा दोन कप घेतलात." यात टोमणा होता की दाखला, ते कळलं नाही. "मग का?"

मी उत्तर शोधू लागलो. व्याख्यानात चालतील अशी उत्तरं भराभर येत होती, आणि त्या बाईकडे बघितलं की एकेक गळून पडत होतं. शेवटी उरलं ते इतकं लहान होतं की मला ते सांगायची लाज वाटली.

"लोक विचारतात, मुलगा काय करतो," मी म्हणालो. "मला सांगता येत नाही."

"तुम्ही काय करता?"

"शिकवतो."

"तो पण शिकवतोच."

मी वल्ह्याकडे बघितलं. पातं आता बरोबर बाजूला होतं.

"माझा थोरला ठाण्यात आहे," त्या म्हणाल्या. "चौदाव्या मजल्यावर. चतुर्थीला येतो, दोन दिवस. पाण्यात पाय घालत नाही आता. म्हणतो, अंगाला खाज येते. सून चांगली आहे, काही बोलायला जागा नाही. हा दिगू पण पनवेलला नोकरीला होता. तो परत आला. गावातली पंचवीस पोरं गेली, त्यातला परत आलेला हा एकटा." त्या परत वाकल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. "तुमची मुलगी वाईट असती ना सर, तर मी आनंदाने हो म्हटलं असतं. वाईट पोरी चार महिन्यांत परत जातात. ही चांगली आहे. ही याला घेऊन जाईल."

"ती इथे राहील," मी म्हणालो.

"ती म्हणाली तसं?"

ती म्हणाली नव्हती. मी विचारलं नव्हतं. दोन महिने मी दादाला काय सांगायचं याच्या चिंतेत होतो, आणि माझी मुलगी राहणार कुठे हे मी तिला विचारलं नव्हतं. त्या बाईने विचारलेला हा एकच साधा प्रश्न होता, आणि तो ऐकल्यावर मला एकाएकी हे घर हवंसं वाटू लागलं. ही विहीण, हा खोटं न बोलणारा मुलगा, ही खाडी, सगळंच. आयुष्यात मला इतक्या उशिरा कधी काही हवंसं वाटलं नव्हतं.

"अहो, पण एकतीस गुण म्हणजे..." मी म्हणालो.

"तुमचा विश्वास नाही ना त्यावर?"

"नाही."

"मग?"

मी वल्ह्याचं पातं उगाच पाण्यात बुडवून बघितलं.

"मी कौलाचं सांगते," त्या म्हणाल्या. "दिगू देवीच्या पुढे जायचा नाही. त्याला वाईट वाटेल, पण माझ्यावर राग धरायचा नाही. तुमची मुलगी तुमच्याकडे बघेल. तुम्ही फक्त माझ्या मध्ये येऊ नका. तुमचं अकराचं मी कोणाला सांगणार नाही. माझं उजव्याचं तुम्ही सांगू नका. कोणाचंच वाईट दिसायचं नाही."

दोर त्यांच्या हातात होता. त्या धमकी देत नव्हत्या. दोर फक्त हातात होता, मनगटाला एक वेढा देऊन. मी हो म्हणालो. पाण्याची भीती होती म्हणून हो म्हणालो, असं पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो. पण पाणी कमरेइतकंच होतं. ते मला माहीत होतं.

"आता उभे राहा," त्या म्हणाल्या.

"मला जमत नाही."

"गुडघ्यावर परत गेलात तर पोरगी हसेल. मी धरते फळी. राहा."

त्यांनी बोर्ड दोन्ही हातांनी धरला. मी एक पाय ठेवला, मग दुसरा. मी त्यांच्याकडे बघत होतो.

"माझ्याकडे नको. लांब."

मी लांब बघितलं. लांब किनाऱ्यावर शुभदा खुर्चीच्या बोर्डावरून उतरत होती, दिगंबर तिला हात देत होता, आणि ऋजुता वाळूत उभी होती. मी सरळ झालो. गुरुत्वमध्य वर गेला. पडलो नाही.

सुलोचनाबाई मला वाळूवरून चालत घेऊन गेल्या, जत्रेत घोड्यावर बसवलेल्या पोराला नेतात तसं. मग वाळू संपली, पाणी गडद झालं, आणि त्या म्हणाल्या, "इथून खोल. मी पोहत येते. तुम्ही मारा." त्यांनी बोर्ड सोडला.

खोल भाग तीसेक हात रुंद असेल. मी तो एकट्याने, उभ्याने पार केला. अकरा वेळा वल्हं मारलं, सरळ वल्हं, आणि बोर्ड खरोखर पुढे गेला. ऋजुता मोबाइल घेऊन पाण्यात गुडघ्यापर्यंत आली होती. "बाबा, तू उभा आहेस," ती ओरडत होती. "आई, बघ, बाबा उभा आहे."

तो व्हिडिओ अठ्ठावीस सेकंदांचा आहे. संध्याकाळी तिने तो मला पाठवला होता, नुसता, खाली काही न लिहिता. ती आता नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला असते, कालव्यांच्या गावात. एकटी राहते, बरी आहे, रविवारी आईला फोन करते. फोन माझ्या हातात आला की दोन मिनिटांत हवामानावर येते. दिगंबरचं मी कोणाला विचारलं नाही. इंटरनेटवर बघितलं. त्याच्याकडे आता चाळीस बोर्ड आहेत. फोटोत कधी कधी मागे, लांब पाण्यात, डोक्याला टॉवेल बांधलेलं कोणीतरी दिसतं.

बोर्ड वाळूला लागला तेव्हा ऋजुताने मला हात देऊन उतरवलं. मागून सुलोचनाबाई पाण्यातून वर आल्या, पिशवी निथळत ठेवली. ऋजुताने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"बराच वेळ बोलत होतात," ती म्हणाली. "काय ठरलं?"

सुलोचनाबाई मुलाकडे वळल्या. "दिगू, कौल डावो पडलो."

दिगंबर शुभदाच्या बोर्डाची खुर्ची सोडत होता. त्याचे हात थांबले.

"कधी लावलंस?"

"शुक्रवारी."

"माका सांगलंस नाय?"

"आता सांगतंय मा."

तो उभा राहिला. आईकडे बघितलं, मग खाडीकडे. दोन महिने थांबणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो ते मला तेव्हा कळलं. यावेळी किती थांबायचं ते त्याला कोणी सांगत नव्हतं. शुभदाने तोंडाला पदर लावला. अकरा गुणांवर देवीनेही शिक्का मारला होता, आता शुभदालाही बोलायला काही राहिलं नव्हतं.

"दिगंबर," ऋजुता म्हणाली. "कळीच आहे ती. ओली कळी. कुठून तरी आधी पडणारच."

"ऋजुता, तसं नको बोलू."

"मग कसं बोलू?"

त्याने खुर्चीचा दोर परत हातात घेतला. ती माझ्याकडे वळली. तिला अजून काळजी वाटत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर अजून तो व्हिडिओ काढतानाचाच आनंद होता. त्यातला थोडासाच कमी झाला होता.

"बाबा, तू सांग त्यांना," ती म्हणाली. "तू नीट सांगतोस. मंगळाचं सांगतोस तसं सांग. एवढं एकदा भाषण कर."

सुलोचनाबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या पिशवीतल्या तिसऱ्या पाण्यात हलवून धूत होत्या. सगळे थांबले होते. इतका लक्ष देऊन ऐकणारा श्रोता मला चाळीस गृहरचना संस्थांत मिळाला नव्हता.

"हे बघ," मी म्हणालो. माझा आवाज चांगला लागला होता. समंजस, खालच्या पट्टीतला. "माझा स्वतःचा विश्वास नाही, हे तुला माहीत आहे. पण आपला विश्वास नाही म्हणून दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान ठेवायचा नाही, असं कसं चालेल?"

वाक्य उत्तम होतं. व्याकरणात, विचारात, कुठेही खोट काढता आली नसती. दिगंबरने कृतज्ञतेने माझ्याकडे बघितलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

ऋजुता माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखादं गणित तपासताना मध्येच एक पायरी चुकलेली दिसावी आणि ती नेमकी कुठली ते सापडू नये, तसं. मला कुठेतरी बघायला हवं होतं, म्हणून मी जॅकेटचं बकल उघडायला घेतलं. बोटं पाण्याने सुजली होती. बकल उघडेना. वरचं उघडेना, खालचं उघडेना. मी ओढत राहिलो. माझ्या नखांचा प्लास्टिकवर आवाज होत होता.

शेवटी तीच पुढे आली. माझे हात तिने बाजूला केले. तिन्ही बकलं एकेक करून उघडली, पट्टा सैल केला.

"हात वर कर," ती म्हणाली.

मी केले.